लोकलमधली चौथी सीट: अ‍ॅनालॉग टीव्हीत रंगाला जागा कशी मिळाली

काटकोन (धागालेखक)

गेल्या महिन्यात माळा आवरताना १९८७ साली घेतलेला रंगीत टीव्ही खाली काढला. भंगारवाला यायला वेळ होता, म्हणून पाठीमागचे झाकण उघडून पाहिले. धुळीच्या जाड थराखाली दोन जुने ओळखीचे भाग दिसले. एक होते पत्र्याच्या इवल्याशा डबीतले क्रिस्टल, ज्यावर ८.८६७ हा आकडा अजून वाचता येत होता. दुसरी होती प्लास्टिकची एक चपटी डबी. तिच्यात तारेचे वेटोळे नाही, आयसी नाही, फक्त काचेची एक वडी. या दोन भागांचे काम ज्याला उमगले त्याला पाल (PAL), म्हणजे भारताने घेतलेली रंगीत टीव्हीची पद्धत, बऱ्याच अंशी उमगली, असे टीव्ही दुरुस्तीत काही वर्षे काढल्यानंतर माझे मत झाले आहे. म्हणून हा धागा.

आधी अडचण समजून घेऊ. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ साली सुरू झाले. १५ ऑगस्टचा सोहळा रंगीत दिसला आणि नोव्हेंबरात दिल्लीच्या आशियाई स्पर्धा आल्या. पण त्या वेळी लोकांच्या घरी जे संच होते ते कृष्णधवल होते आणि त्यांच्यासाठीची वाहिनी आधीच काठोकाठ भरलेली होती. एका चित्रात ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रे, प्रत्येक ओळीला ६४ मायक्रोसेकंद, चित्रासाठी ५ मेगाहर्ट्‌झ, चित्राच्या वाहक लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्‌झवर आवाज, आणि हे सगळे ७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात. लाल, हिरवा आणि निळा यांची तीन स्वतंत्र चित्रे पाठवायची तर चित्रालाच १५ मेगाहर्ट्‌झ लागले असते, आणि जुन्या संचांना त्यातले काहीच कळले नसते. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो तेव्हा बाक काही लांब होत नाही. आधीचे तिघे थोडे सरकतात आणि चौथा कडेला टेकतो. रंगाला मिळाली ती अशी चौथी सीट, आणि आधीच्या तिघांची तक्रार येऊ नये ही अट त्या जागेला पहिल्यापासून जोडलेली होती.

पहिली युक्ती गणिताची आहे. कॅमेऱ्यातून येणाऱ्या तीन रंगांपासून आधी उजळपणाचा संकेत तयार करतात, त्याला वाय म्हणू: ०.२९९ लाल, ०.५८७ हिरवा आणि ०.११४ निळा यांची बेरीज. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ भासतो आणि निळा सर्वांत मंद, म्हणून ही प्रमाणे अशी विषम आहेत. हा वाय म्हणजे कृष्णधवल संचाला जे हवे नेमके तेच. उरलेली माहिती दोन वजाबाक्यांत मावते: निळा उणे वाय आणि लाल उणे वाय. हिरवा वेगळा पाठवावा लागत नाही, कारण तो या तिन्हींतून परत काढता येतो. पांढऱ्या किंवा करड्या वस्तूसाठी तिन्ही रंग समान असतात, त्यामुळे दोन्ही वजाबाक्या शून्य होतात आणि रंगाचा संकेत आपोआप नाहीसा होतो.

दुसरी युक्ती डोळ्याच्या उणिवेवर उभी आहे. उजळपणातला बारकावा आपल्याला चटकन दिसतो, रंगातला दिसत नाही. म्हणून रंगाच्या संकेतांना ५ मेगाहर्ट्‌झ देण्याची गरज नाही, सुमारे १.३ मेगाहर्ट्‌झ पुरतात. लहान मुले चित्र रंगवताना रेघेबाहेर जातात तसाच टीव्हीचा रंगही कडांबाहेर थोडा सांडलेला असतो. रेघ वायने नीट आखलेली असल्यामुळे आपली तक्रार नसते.

तिसरी युक्ती मला सर्वांत देखणी वाटते, आणि माझा आयडीही तिच्यावरूनच घेतलेला आहे. दोन रंगसंकेत एकाच उपवाहक लहरीवर, म्हणजे चित्राच्या पट्ट्याच्या आतच रंगासाठी ठेवलेल्या जादा वाहक लहरीवर, कसे चढवायचे? एकाच वारंवारतेच्या दोन लहरी घ्यायच्या, पण एकमेकींपासून ९० अंश सरकवून. एक लहर माथ्यावर असते तेव्हा दुसरी शून्यातून जात असते. पहिलीची उंची निळ्याच्या वजाबाकीने ठरवायची, दुसरीची लाल वजाबाकीने, आणि दोन्हींची बेरीज पाठवायची. संचाने योग्य क्षणी मोजमाप केले की प्रत्येक संकेत स्वतंत्रपणे हाती लागतो. या बेरजेकडे बाण म्हणून पाहिले तर बाणाची लांबी म्हणजे रंगाचा गडदपणा आणि बाणाचा कोन म्हणजे रंगाची छटा.

एक उदाहरण करून पाहू. दसऱ्याचा झेंडू घ्या: लाल १, हिरवा ०.५, निळा ०. वाय येतो ०.५९२५. निळा उणे वाय होतो −०.५९२५, आणि त्याला ०.४९३ ने गुणले की यू मिळतो, −०.२९२. लाल उणे वाय होतो ०.४०७५, त्याला ०.८७७ ने गुणले की व्ही मिळतो, ०.३५७. बाणाची लांबी साधारण ०.४६ आणि कोन साधारण १२९ अंश. निव्वळ लाल रंग १०३ अंशांच्या आसपास असतो आणि पिवळा १६७ च्या. झेंडू या दोघांच्या मध्ये येतो, जसा तो यायला हवा.

आता कोन मोजायचा तर शून्य अंश कुठे हे संचाला ठाऊक हवे. ६४ मायक्रोसेकंदांपैकी चित्राला ५२ मिळतात. उरलेल्या १२ मध्ये पडद्यावर ओळ रेखाटणारा इलेक्ट्रॉनांचा झोत उजवीकडून डावीकडे परततो. या वेळात आधी ४.७ मायक्रोसेकंदांचा सिंक पल्स, म्हणजे नव्या ओळीची खूण, येतो आणि त्याच्या पाठोपाठ एक रिकामी जागा. अभियंते तिला बॅक पोर्च म्हणतात. मला ती कोकणातल्या घराच्या मागच्या पडवीसारखी वाटते. या पडवीत उपवाहक लहरीची जेमतेम दहा आवर्तने ठेवलेली असतात, त्यांना बर्स्ट म्हणतात. दर ओळीला संच या दहा आवर्तनांवरून आपल्या क्रिस्टलचा ठेका जुळवून घेतो. बर्स्ट सापडलाच नाही तर कलर किलर नावाचे सर्किट रंग पूर्ण बंद करते. सिग्नल कमकुवत झाला की चित्रात मुंग्या येत आणि रंग फिका न होता एकदम गायब होई, ते याच सर्किटामुळे.

राहिला जागेचा प्रश्न. चित्रातली एक ओळ तिच्या शेजारच्या ओळीसारखीच असते. या साम्यामुळे वायची ऊर्जा सगळ्या ५ मेगाहर्ट्‌झमध्ये सारखी पसरत नाही. ती १५,६२५ हर्ट्‌झच्या पटींभोवती झुबक्यांनी गोळा होते आणि झुबक्यांमधली जागा बरीचशी मोकळी राहते. रंगाचे झुबके त्या मोकळ्या जागांत बसवले. चौथी सीट ती हीच.

रेवा_क

उत्तम लेख. मात्र तुम्ही आतापर्यंत जे सांगितले आहे ते सगळे अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीलाही जसेच्या तसे लागू पडते. मग पालचे वेगळेपण कोणते, आणि त्या काचेच्या वडीचे काय झाले?

काटकोन

अगदी बरोबर पकडलेत. पाया अमेरिकनच आहे. तिथे ही पद्धत १७ डिसेंबर १९५३ रोजी मंजूर झाली. तिचे दुखणे असे की छटा कोनात साठवलेली आहे आणि कोन हा मोठा नाजूक जिन्नस आहे. वाटेतल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उजळपणानुसार कोन थोडा सरकतो, डोंगरावरून किंवा इमारतीवरून आदळून आलेली लहर तो आणखी हलवते. मघाचा झेंडू २० अंशांनी पुढे सरकला तर १४९ वर जाऊन पिवळट होतो, मागे सरकला तर १०९ वर जाऊन जवळजवळ लाल. म्हणून अमेरिकेतल्या संचांवर टिंट नावाचे बटण असे आणि प्रेक्षकाने निवेदकाच्या चेहऱ्याकडे पाहून ते फिरवावे अशी अपेक्षा असे. आपल्याकडच्या संचांवर कलर, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट असत. टिंटची गरज नव्हती.

ही गरज ज्यांनी संपवली ते टेलिफुंकन कंपनीतले वाल्टर ब्रूख. त्यांनी १९६२ च्या शेवटच्या दिवशी पेटंटचा अर्ज केला आणि ३ जानेवारी १९६३ रोजी हानोफर येथे युरोपातल्या तज्ज्ञांना प्रात्यक्षिक दाखवले. त्यांची दुरुस्ती एका वाक्यात सांगता येते: व्ही संकेताचे चिन्ह दर ओळीला उलटे करायचे. एका ओळीत झेंडू १२९ अंशांवर पाठवला, तर पुढच्या ओळीत −१२९ वर. वाटेत दोन्ही ओळींना २० अंशांचा धक्का बसला असे समजा. पहिली ओळ १४९ वर पोहोचते, दुसरी −१०९ वर. संच दुसऱ्या ओळीचे चिन्ह पुन्हा उलटवतो, म्हणजे ती १०९ होते. १४९ आणि १०९ यांची सरासरी १२९. चूक दोन्ही ओळींत सारखीच होती, पण उलटापालटीमुळे ती परस्परविरुद्ध दिशांना गेली आणि फिटली. किंमत एवढीच की बाणाची लांबी २० अंशांच्या कोज्याइतकी, म्हणजे ०.९४ पट होते. छटा बदलण्याऐवजी रंग सहा टक्के फिका पडतो, आणि तेवढे फिकेपण कोणाच्या लक्षात येत नाही.

सरासरी काढायची तर आधीची ओळ पुढची येईपर्यंत कुठेतरी थोपवून धरायला हवी, आणि त्या काळात घरगुती संचात मेमरी कुठली? प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या लहरीला ६४ मायक्रोसेकंद अडकवायचे तर तिला १९ किलोमीटरचा रस्ता द्यावा लागेल. यावर उपाय म्हणजे ती काच. वडीच्या कडेला लावलेला स्फटिक विजेच्या संकेताचे अल्ट्रासाउंडमध्ये रूपांतर करतो. काचेत ध्वनी सेकंदाला अडीच-पावणेतीन किलोमीटर एवढ्याच वेगाने जातो, त्यामुळे सुमारे १७ सेंटिमीटरचा मार्ग पुरतो, आणि तोही कडांवर आपटत आपटत जात असल्याने लहानशा वडीत मावतो. दुसऱ्या टोकाला आणखी एक स्फटिक ध्वनीची पुन्हा वीज करतो. हीच ती डिले लाइन. तिचा विलंब बरोबर ६४ मायक्रोसेकंद नसून ६३.९४३ असतो, कारण तेवढ्यात उपवाहकाची नेमकी साडेदोनशे त्र्याऐंशी, क्षमस्व, २८३.५ आवर्तने बसतात आणि बेरीज-वजाबाकी चोख होते. ताजी आणि थोपवलेली ओळ यांच्या बेरीज-वजाबाकीतून यू आणि व्ही वेगळेही होतात, म्हणजे एका काचेत दोन कामे. डिले लाइन नसलेल्या स्वस्त रचनेत सरासरी काढण्याचे काम प्रेक्षकाच्या डोळ्यावर सोडलेले असे. चूक मोठी असली की अशा पडद्यावर आडव्या पट्ट्या दिसत, ज्यांना ब्रूख यांच्या गावावरून हानोफर बार हे नाव पडले.

आणखी एक गुंता राहतो. व्ही दर ओळीला उलटत असल्यामुळे त्याचे झुबके अर्ध्या ओळीच्या वारंवारतेने सरकतात. अमेरिकेसारखी अर्ध्याची जागा, म्हणजे वायच्या दोन झुबक्यांच्या बरोबर मधली, निवडली असती तर व्ही थेट वायच्या मांडीवर जाऊन बसला असता. म्हणून पाव अंतरावरची जागा निवडली: २८३.७५ गुणिले १५,६२५ म्हणजे ४४,३३,५९३.७५ हर्ट्‌झ, आणि पडद्यावरची ठिपक्यांची जाळी विरळ व्हावी म्हणून त्यात आणखी २५ हर्ट्‌झ. एकूण ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्‌झ.

मिश्रधातू

दोन बाबी जोडतो. ०.४९३ आणि ०.८७७ हे आकडे तुम्ही कारण न देता वापरले आहेत. कारण हिशेबाचे आहे. पूर्ण पिवळ्यासाठी वाय ०.८८६ असतो, त्यावर न घटवलेला रंगसंकेत चढवला तर माथा १.७८ पर्यंत जातो, म्हणजे पांढऱ्याच्याही कितीतरी वर, आणि प्रक्षेपकाला ते पेलत नाही. घटवल्यावर तोच माथा १.३३ वर थांबतो, आणि लाल व निळ्या रंगांचा तळही −०.३३ च्या खाली जात नाही.

दुसरी बाब म्हणजे एक छोटी हरकत. वाय हा खरा उजळपणा नव्हे. पिक्चर ट्यूबचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, म्हणून कॅमेऱ्याकडेच लाल, हिरवा, निळा यांना उलट वळण देतात, ज्याला गॅमा म्हणतात, आणि वाय त्यानंतर तयार होतो. परिणामी गडद रंगांचा काही उजळपणा वायमध्ये न राहता रंगसंकेतात शिरतो, आणि त्या संकेताला तर बारकावे पेलतच नाहीत. लाल शालूच्या चुण्या टीव्हीवर सपाट दिसत, याचा काही दोष या तडजोडीकडे जातो. शिवाय ०.२९९ वगैरे प्रमाणे १९५३ च्या अमेरिकन पडद्यांवरच्या फॉस्फरसाठी, म्हणजे झोत पडला की चमकणाऱ्या लेपासाठी, काढलेली होती. युरोपने फॉस्फर बदलले, प्रमाणे तशीच ठेवली.

काटकोन

हरकत मान्य. सोपे करून सांगण्याच्या नादात मी गॅमा गाळला होता.

दूरदेशी_कुळकर्णी

जुन्या संचांना धक्का लावायचा नाही, ही अट किती कडक होती याचा अनुभव अमेरिकेने आधीच घेतला होता. इथे १९५० साली सीबीएस या प्रसारण कंपनीची फिरत्या चकतीची रंगीत पद्धत मंजूर झाली होती. रंग चांगले होते, पण ते प्रक्षेपण लोकांच्या घरातल्या संचांवर दिसतच नसे. १९५१ च्या जूनमध्ये सुरू झालेले नियमित कार्यक्रम ऑक्टोबरात बंद पडले.

नंतरच्या पद्धतीतही सरकासरकी करावी लागलीच. रंगाचा उपवाहक आणि ४.५ मेगाहर्ट्‌झवरचा आवाज यांच्या संयोगाने चित्रात जाळी उमटे. आवाज हलवणे शक्य नव्हते, म्हणून ओळींची वारंवारता १५,७५० वरून १५,७३४.२७ वर आणली, ४.५ मेगाहर्ट्‌झचा बरोबर २८६ वा भाग. त्यामुळे सेकंदाची ६० क्षेत्रे (फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) ५९.९४ झाली, आणि व्हिडिओ संकलन करणारे लोक आजही त्या अपूर्णांकाला शिव्या घालत असतात. उपवाहक ठरला ३.५७९५४५ मेगाहर्ट्‌झ. त्याचे क्रिस्टल इतके स्वस्त झाले की १९८१ च्या आयबीएम पीसीत त्याच्या चौपट, १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल बसवले आणि त्याला तीनने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्‌झ दिले.

१९९१ साली मुलीच्या बारशाची व्हीएचएस कॅसेट मी आईला सातारला पाठवली होती. शेजाऱ्यांकडचा व्हीसीआर दोन्ही पद्धतींचा होता, टीव्ही मात्र फक्त पालचा. चित्र खालून वर धावत सुटले. कोणीतरी मागचा व्हर्टिकल होल्ड फिरवून ते थांबवले, पण रंग काही आला नाही. आईने पत्रात लिहिले की बाळ गोड आहे, पण झबले कोणत्या रंगाचे ते कळव.

काटकोन

आईंच्या पत्राला तांत्रिक उत्तर असे की ६० ची क्षेत्रे होल्ड फिरवून जुळवता आली, पण ४.४३ च्या क्रिस्टलला ३.५८ चा बर्स्ट ओळखता येणे शक्यच नव्हते. कलर किलरने आपले काम केले.

रेवा_क

फ्रान्सची सेकाम पद्धत यात कुठे बसते?

शून्यभार

ओळ थोपवून धरण्याची कल्पना मुळात तिकडचीच. आँरी द फ्रांस यांचे पेटंट १९५६ चे आहे. त्यांनी कोनाचा प्रश्नच ठेवला नाही: एका ओळीत फक्त लाल वजाबाकी, पुढच्या ओळीत फक्त निळी, आणि तीही फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनने (लहरीची उंची नव्हे, वारंवारता बदलून), ४.४०६२५ आणि ४.२५ मेगाहर्ट्‌झ या दोन उपवाहकांवर. न आलेला संकेत डिले लाइनमधून आधीच्या ओळीचा घ्यायचा. छटा हलत नाही, पण फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनमुळे वाहक करड्या भागातही चालूच राहतो, आणि दोन चित्रे एकमेकांत मिसळायची तर स्टुडिओत सरळ बेरीज करता येत नाही. म्हणून सेकामच्या अनेक देशांत कार्यक्रम पालमध्ये बनवून शेवटी सेकाममध्ये बदलत असत. पूर्व जर्मनीने सेकाम घेतली, त्यामुळे तिथल्या संचांवर पश्चिमेचे पाल कार्यक्रम दिसत, पण कृष्णधवल.

पश्चिम जर्मनीचा आरंभही गमतीदार होता. २५ ऑगस्ट १९६७ रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात तेव्हाचे उपचान्सलर विली ब्रांट यांनी बटण दाबायचे आणि रंग यायचा, असे ठरले होते. बटण खोटे होते, आणि तंत्रज्ञाने जरा घाई केल्यामुळे रंग आधी आला व बोट नंतर टेकले.

पैठणकर७१

एक व्यावहारिक प्रश्न. लहानपणी बातम्या पाहताना निवेदिकेच्या बारीक चौकडीच्या साडीवर इंद्रधनुष्य सळसळताना दिसे. आमची आजी ती साडीचीच करामत समजत असे. हे काय होते? आणि धागालेखक, तुमच्या क्रिस्टलवर ८.८६७ लिहिले आहे, उपवाहक तर ४.४३३ सांगता. छपाईची चूक म्हणायची का?

काटकोन

साडीचे आधी. चौथ्या सीटवरचा माणूस कोण, हे संच फक्त वारंवारतेवरून ओळखतो. दृश्य ओळ ५२ मायक्रोसेकंदांची, तेवढ्यात ४.४३ मेगाहर्ट्‌झची साधारण २३० आवर्तने होतात. म्हणजे पडद्याच्या पूर्ण रुंदीला २३० काळ्या-पांढऱ्या जोड्या बसतील इतकी बारीक रेघ कॅमेऱ्यासमोर आली, की तिचा वाय संकेत नेमका रंगाच्या जागेत पडतो आणि संच त्याला रंग समजून उलगडतो. निवेदिका जराशी हलली की रेघांची वारंवारता बदलते आणि खोटा रंगही बदलतो. इरकलीची चौकडी किंवा कोटाचे ट्वीड कॅमेरा जवळ नेताना एका ठराविक अंतरावर पेटून उठे आणि आणखी जवळ गेल्यावर विझे, तेही याचमुळे. उलट दिशेची गळतीही होते: रंगाचा संकेत वायमध्ये शिरला की गडद रंगांच्या कडेवर ठिपक्यांची रांग मुंगीसारखी चालताना दिसते.

क्रिस्टलवर चूक नाही, तो आकडा मुद्दाम दुप्पट आहे. संचाला ४.४३ च्या दोन लहरी लागतात, एक यू उलगडायला आणि एक व्ही, आणि त्यांच्यात अचूक ९० अंश हवेत. कॉइल आणि कपॅसिटरने तेवढे अंतर साधता येते, पण उष्णतेने आणि वयाने ते सरकते, मग ट्रिमर फिरवत बसावे लागते. त्याऐवजी ८.८६७ ची लहर घेऊन तिला दोनने भागायचे. एक भागाकार लहरीच्या चढावर मोजायचा आणि दुसरा उतारावर. दुप्पट वेगाच्या लहरीचे अर्धे आवर्तन म्हणजे मूळ लहरीचे पाव आवर्तन, म्हणजे काटकोन. आयसीच्या आत हे आपोआप घडते आणि त्याला हात लावावा लागत नाही. त्या टीव्हीचा एलओटी (पिक्चर ट्यूबला उच्च दाब पुरवणारा ट्रान्सफॉर्मर) मी दोनदा बदलला, पिक्चर ट्यूब शेवटी पिवळी पडली, पण रंगाच्या भागात इतक्या वर्षांत सोल्डरिंग आयर्न टेकवल्याचे मला आठवत नाही.